पाच सामन्यांनंतरचा गुणतक्ता

२०२४ च्या नोव्हेंबरात रणजी करंडक मध्यावर थांबला. साखळीच्या सातपैकी पाच फेऱ्या झाल्या होत्या. मधल्या काळात मुश्ताक अली आणि विजय हजारे करंडकाचे झटपट सामने उरकायचे आणि उरलेल्या दोन फेऱ्या २३ जानेवारी २०२५ पासून खेळायच्या, असं वेळापत्रक होतं. त्यामुळे एलिट ‘अ’ गटाचा गुणतक्ता दोन महिने तसाच गोठून राहिला. बडोदा २७, जम्मू-काश्मीर २३, मुंबई २२. गटात आठ संघ आणि उपांत्यपूर्व फेरीत जाणार फक्त पहिले दोन. आदल्याच मोसमात बेचाळिसावा रणजी करंडक जिंकलेली मुंबई तिसरी होती, म्हणजे बाहेर होती.

तो तक्ता पाहून बहुतेकांनी बडोद्याला आत धरलं होतं. निर्णायक विजयाला ६ गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकलं तर बोनसचा एक धरून ७, सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ आणि दुसऱ्याला १. या हिशेबात दोन सामन्यांतून एक विजय मिळाला असता तरी बडोदा ३३ वर गेला असता. पुढे घडलं ते असं. नाशिकला महाराष्ट्राने बडोद्याला ४३९ धावांनी हरवलं. महाराष्ट्राच्या २९७ ला बडोद्याचं उत्तर १४५, आणि दुसऱ्या डावात महाराष्ट्राने ७ बाद ४६४ वर डाव घोषित केल्यावर बडोदा १७७ त गारद. शेवटच्या फेरीत जम्मू-काश्मीरनेही त्यांना हरवलं. बडोदा २७ वर सुरू झाला आणि २७ वरच संपला.

आमच्या भोंगवलीच्या बाजूला, किंबहुना सगळ्या भोर-वेल्ह्यात, गुणतक्ता वाचणारी मंडळी आता घरोघरी आहेत. आयपीएल असो, प्रो कबड्डी असो, नाहीतर मोबाइलवर आपापले खेळाडू निवडून मित्रामित्रांत चालवलेली फँटसी लीग असो, मोसम अर्धा झाला की वाद एकच: आता कोण आत, कोण बाहेर? हा वाद मला मनापासून आवडतो. पण तो बहुतेक वेळा चुकीच्या रकान्यावर बोट ठेवून घातला जातो. मध्यावरचा तक्ता काय झालं ते अचूक सांगतो. कोण किती बळकट आहे, हे मात्र तो फार अंधुक सांगतो, आणि पुढे काय होईल याचा सगळ्यात मोठा पुरावा, म्हणजे कुणाचे कुणाशी सामने उरलेत, तो तर तक्त्यात छापलेलाच नसतो.

‘अ’ गटाचंच पाहा. बडोद्याचे उरलेले सामने महाराष्ट्र आणि जम्मू-काश्मीरशी. जम्मू-काश्मीरचे मुंबई आणि बडोद्याशी. मुंबईचे जम्मू-काश्मीर आणि मेघालयाशी. मेघालय हा गटातला सगळ्यात कच्चा संघ. म्हणजे मुंबईच्या खात्यात २२ गुण असले, तरी तिच्यापुढे सहा-सात गुणांची एक जवळपास हमखास संधी उभी होती, आणि बडोद्यापुढे तशी एकही नव्हती. हे नोव्हेंबरातच दिसत होतं. त्यासाठी तक्त्याशेजारी वेळापत्रक ठेवायला हवं होतं, एवढंच.

अर्थात मुंबईनेही आपला मार्ग सरळ ठेवला नाही. २३ जानेवारीला वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, श्रेयस अय्यर, कर्णधार अजिंक्य रहाणे असा तारांकित संघ जम्मू-काश्मीरपुढे पहिल्या डावात १२० वर कोसळला. दुसऱ्या डावात शार्दूल ठाकूरने ११९ धावा काढून लाज राखली, पण जम्मू-काश्मीरने पाच गडी राखून सामना घेतला. आता चित्र असं: जम्मू-काश्मीर २९, बडोदा २७, मुंबई २२, आणि प्रत्येकाचा एकच सामना शिल्लक.

इथे थोडं थांबू, कारण गटातली शर्यत म्हणजे काय हे या शेवटच्या फेरीइतकं स्वच्छ क्वचितच दिसतं. मुंबई मेघालयाशी खेळणार आणि त्याच वेळी बडोदा व जम्मू-काश्मीर एकमेकांशी. मुंबई जास्तीत जास्त २९ वर पोहोचणार. जम्मू-काश्मीर जिंकला तर बडोदा २७ वर राहतो आणि मुंबईला साधा विजयही पुरतो. तो सामना अनिर्णित राहून आघाडी जम्मू-काश्मीरने घेतली तर बडोदा २८ वर जातो. मग मुंबईचा साधा विजय तिला बडोद्याच्या बरोबरीला नेतो आणि बोनसचा विजय एका गुणाने पुढे नेतो. आघाडी बडोद्याने घेतली तर दोघेही ३०, मुंबई घरी. बडोदा जिंकला तर तो ३३ वर, आणि जम्मू-काश्मीर व मुंबई यांच्यात फार तर २९-२९ ची बरोबरी. चार शक्यता, आणि त्यातली एकही मुंबईच्या एकटीच्या हातात नाही. मुंबईने आपल्या हातातलं सगळं केलं. शार्दूलच्या हॅट्‌ट्रिकसह मेघालयाला ८६ त गुंडाळलं, ७ बाद ६७१ वर डाव घोषित केला आणि एक डाव ४५६ धावांनी जिंकून सातच्या सात गुण उचलले. वडोदऱ्यात जम्मू-काश्मीरने उरलेलं काम केलं. अखेरचा तक्ता: जम्मू-काश्मीर ३५, मुंबई २९, बडोदा २७.

वेळापत्रकाचा भाग असा. दुसरा भाग योगायोगाचा, आणि तो समजायला थोडं गणित लागतं. कल्पना करा की दहा संघ अगदी तुल्यबळ आहेत. प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक. प्रत्येकाने सात सामने खेळल्यावर एखाद्या संघाने पाच किंवा त्याहून अधिक जिंकलेले असण्याची शक्यता किती? सात नाणेफेकींचे एकूण १२८ प्रकार होतात आणि त्यांतल्या २९ मध्ये पाच, सहा किंवा सात विजय येतात. म्हणजे सुमारे २३ टक्के. दहा संघांत सरासरी दोनाहून थोडे जास्त संघ पाच किंवा अधिक विजय घेऊन मिरवत असतील आणि तितकेच दोन किंवा कमी विजयांवर रडत असतील. प्रत्यक्षात संघांमध्ये तसूभरही फरक नसताना! आयपीएलच्या अर्ध्या मोसमाचा तक्ता बरोबर असाच दिसतो. सगळे संघ सारखेच असतात, असं माझं म्हणणं नाही. पण मध्यावर दिसणाऱ्या अंतरातला मोठा हिस्सा नुसत्या योगायोगानेही तयार होऊ शकतो, हे धरून चालायला हवं.

म्हणून २०१४ च्या कोलकाता नाइट रायडर्सचं आश्चर्य मला कमी वाटतं आणि आनंद जास्त. पहिल्या सात सामन्यांत त्यांचे दोनच विजय होते. नंतर ते सलग नऊ सामने जिंकले आणि करंडक घेऊन गेले. २०१५ च्या मुंबई इंडियन्सने पहिले चारही सामने गमावले होते, तेही विजेते ठरले. उलट बाजूला २०२४ चे राजस्थान रॉयल्स: पहिल्या नऊपैकी आठ विजय, मग ओळीने चार पराभव, आणि पहिल्या दोनांतली जागा हातची गेली. २०२५ चे दिल्ली कॅपिटल्स पहिले चार सामने जिंकून पाचवे राहिले. चौदा सामन्यांची साखळी हा फार छोटा नमुना आहे.

बेसबॉलवाल्यांना हे फार आधी कळलं, कारण त्यांच्याकडे सामन्यांचा डोंगर आहे. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये तीस संघ, दोन लीग, प्रत्येक लीगमध्ये तीन विभाग, प्रत्येक विभागात पाच संघ, आणि प्रत्येकाचे १६२ सामने. नाणेफेकीच्याच गणिताने पाहिलं, तर १६२ सामन्यांत तुल्यबळ संघाच्या विजयांत सहा-सात इकडेतिकडे होणं स्वाभाविक आहे, म्हणजे जेमतेम चार टक्के. चौदा सामन्यांत हाच चढउतार जवळजवळ दोन विजयांचा, म्हणजे तेरा टक्क्यांच्या पुढे जातो. तरीही तिथे मध्यावरच्या तक्त्याने अनेकदा फसवलंय. १९१४ चा बोस्टन ब्रेव्हज संघ ४ जुलैला आपल्या लीगमध्ये तळाला होता, आणि त्याच वर्षी त्याने वर्ल्ड सीरिज जिंकली. २०१९ च्या वॉशिंग्टन नॅशनल्सची सुरुवात १९ विजय, ३१ पराभव अशी होती. शेवट वर्ल्ड सीरिजच्या करंडकाने झाला.

त्यांच्या तक्त्यात एक रकाना असतो, तो आपल्याकडेही यायला हवा. आपण आघाडीच्या संघापासून ‘किती सामने मागे’ आहोत, हा तो रकाना. दोघांच्या विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची बेरीज करायची आणि दोनाने भागायचं. एकाने ४८ जिंकून ३३ गमावले आणि दुसऱ्याने ४३ जिंकून ३६ गमावले, तर दुसरा चार सामने मागे आहे. कुणाचे सामने कमी झालेत, कुणाचे जास्त, याचा गोंधळ या आकड्यात आपोआप मिटतो. आयपीएलच्या तक्त्यात एकाचे आठ आणि दुसऱ्याचे सहा सामने झालेले असताना आपण नुसते गुण वाचतो, ते बरोबर नाही.

बिल जेम्स या आकडेशास्त्राच्या वेड्या लेखकाने आणखी एक साधन दिलं. संघाने काढलेल्या धावांचा वर्ग घ्या, त्याला काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. जो अपूर्णांक येईल, तेवढ्या प्रमाणात त्या संघाने जिंकायला हवं होतं. समजा ४०० धावा काढल्या आणि ३५० दिल्या. उत्तर येतं सुमारे ०.५६६, म्हणजे १६२ पैकी साधारण ९२ विजयांची लायकी. प्रत्यक्षात त्या संघाचे विजय याहून बरेच जास्त पडलेले असतील तर त्याने एकेका धावेच्या निसटत्या लढती जिंकल्यात, आणि ते नशीब दुसऱ्या अर्ध्यात टिकेलच असं नाही. क्रिकेटमध्ये हे काम काही अंशी निव्वळ धावगती करते: मोसमभरात दर षटकाला काढलेल्या धावा वजा दर षटकाला दिलेल्या धावा, आणि संघ सर्वबाद झाला तर पूर्ण षटकं धरायची. बरोबरी सोडवायचं साधन म्हणून आपण ती शेवटच्या आठवड्यात आठवतो. मी मध्यावरच पाहतो. गुणांत खाली पण धावगतीत वर असलेला संघ दिसला, तर तो वर येण्याची शक्यता मी जास्त धरतो.

धावगतीचं नाट्य मात्र शेवटीच घडतं, यात वाद नाही. २५ मे २०१४, वानखेडे. बाद फेरी गाठायला मुंबई इंडियन्सला राजस्थान रॉयल्सविरुद्ध १९० धावा १४.३ षटकांत हव्या होत्या. कोरी अँडरसनने ४४ चेंडूंत नाबाद ९५ काढल्या, पण १४.३ षटकं संपली तेव्हा फलक १८९ वर, बरोबरीत अडकला. तेव्हा हिशेब पुन्हा झाला: पुढच्याच चेंडूवर चौकार मिळाला तरी गणित जमतं. आदित्य तरेने फॉकनरचा तो चेंडू षटकार म्हणून प्रेक्षकांत भिरकावला. ज्या मुंबईने त्या मोसमाचे पहिले पाचही सामने गमावले होते, ती मुंबई आत आली.

गट किंवा विभाग पाडले की आणखी एक अडचण उभी राहते, आणि ती आपल्या मातीतल्या खेळाने उत्तम दाखवली. प्रो कबड्डीत २०१७ च्या पाचव्या मोसमात बारा संघ झाले आणि त्यांचे दोन झोन केले गेले. प्रत्येक संघाचे २२ सामने: १५ आपल्या झोनमधल्यांशी, ६ दुसऱ्या झोनशी, एक वाइल्ड कार्ड. पुणेरी पलटण आणि यू मुंबा दोघेही ‘अ’ झोनमध्ये, गुजरातबरोबर. साखळी संपली तेव्हा ‘अ’ झोनमध्ये तिसऱ्या आलेल्या हरियाणाचे ७९ गुण होते आणि ‘ब’ झोनमध्ये पहिल्या आलेल्या बंगालचे ७७. झोनमध्ये पहिलं आल्याने बंगालला बाद फेरीत वरची वाट मिळाली, हरियाणाला एका पराभवात घरी जाण्याची. हरियाणावर अन्याय झाला असं वाटणं स्वाभाविक आहे. पण मग त्याच ‘ब’ झोनमधल्या पाटण्याने बाद फेरीत हरियाणाला ६९-३० असं चिरडलं. परदीप नरवालने त्या एका सामन्यात चढाईचे ३४ गुण घेतले. पुढे पाटण्याने पलटणलाही बाहेर काढलं आणि अंतिम सामन्यात गुजरातला ५५-३८ ने हरवून करंडक नेला. दोन वेगळ्या गटांतले गुण शेजारी ठेवून बळ जोखता येत नाही, कारण ते गुण वेगळ्या प्रतिस्पर्ध्यांकडून मिळवलेले असतात. सातव्या मोसमात प्रो कबड्डीने झोन मोडले आणि सगळ्यांना सगळ्यांशी दोनदा खेळायला लावलं. मला तो निर्णय योग्य वाटतो.

आयपीएलमध्ये गट दिसत नाहीत, पण २०२२ ते २०२५ या मोसमांत ते होतेच. दहा संघ, प्रत्येकाचे चौदा सामने: नऊ प्रतिस्पर्ध्यांपैकी पाच जणांशी दोनदा, चौघांशी एकदाच. तक्ता एकच छापला जातो, त्यामुळे हा असमानपणा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

तिसरी गोष्ट खेळाडूंच्या शरीराची. प्रो कबड्डीच्या अकराव्या मोसमात पुणेरी पलटण गतविजेता होता. आदल्या मोसमात ९६ गुणांनी साखळीत पहिला येऊन, १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ ने हरवून त्याने पहिला करंडक जिंकला होता. नव्या मोसमाची सुरुवातही जोरात झाली. मग कर्णधार अस्लम इनामदारचा गुडघा दुखावला आणि पलटण आठव्या क्रमांकावर घसरला. अस्लम चढाईही करतो, पकडीतही असतो. अशा माणसाची जागा भरता येत नाही. सुरुवातीला कमावलेले ते गुण खरेच होते, पण मैदानात उरलेला संघ ते कमावणारा राहिला नव्हता.

आता फँटसी लीगकडे येतो, कारण तिथे या सगळ्या गोष्टी आणखी तीव्र होतात. आजच्या प्रकारची फँटसी बेसबॉल १९८० मध्ये न्यूयॉर्कमधल्या डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने मित्रांबरोबर सुरू केली. ‘ला रोटिसरी फ्रान्सेझ’ या रेस्टॉरंटात ते जमायचे, म्हणून खेळाचं नाव रोटिसरी पडलं. खऱ्या खेळाडूंचा लिलाव करून प्रत्येकाने कागदी संघ बांधायचा आणि मोसमभर त्यांच्या खऱ्या कामगिरीवर आठ रकान्यांत क्रमवारी लावायची. दहा मालक असतील तर रकान्यात पहिल्याला १० गुण, शेवटच्याला १. नंतर दर आठवड्याला एकाने दुसऱ्याशी भिडायचं, मालकांचे विभाग पाडायचे, प्रत्येक विभागाचा विजेता बाद फेरीत, असे प्रकार आले.

अशा लीगमध्ये मध्यावर शहाणा मालक आधी रकाने वेगळे करतो. होमरन किंवा चोरलेले बेस हे मोजायचे आकडे. तिथे पाच-सहांच्या फरकात चार मालक दाटीने बसलेले असतात आणि एक चांगला खेळाडू आणला की तीन जागा वर जाता येतं. फलंदाजीची सरासरी हे प्रमाण. मोसम जसजसा पुढे सरकतो तसतसं ते जड होतं. संघाने अर्ध्या मोसमात ३५०० संधींत ०.२६० ची सरासरी राखली असेल आणि अखेरीस ०.२७० हवी असेल, तर उरलेल्या ३५०० संधींत ०.२८० ने खेळावं लागेल. एवढी ताकद बहुतेकांकडे नसते. तेव्हा सरासरीचा नाद सोडून चोरलेल्या बेसमागे लागणं हे जुलैतलं शहाणपण. आयपीएलच्या मोसमभराच्या फँटसी लीगमध्येही हाच विचार लागतो. कुणाचा संघ पुढच्या दहा दिवसांत तीन सामने खेळणार, हे पाहून बदली करणारा हा नुसत्या नावांवर भुलणाऱ्याच्या पुढे जातो.

भारतात फँटसी म्हटलं की वर्षानुवर्षं एका दिवसाच्या, पैसे लावून खेळायच्या स्पर्धाच डोळ्यांपुढे आल्या. ड्रीम इलेव्हन २००८ मध्ये मुंबईत सुरू झाली. हा कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. मला ही बंदी पटते. वर केलेलं गणितच त्याचं कारण आहे: अकरा खेळाडू, एक सामना, कर्णधाराचे गुण दुप्पट. एवढ्या छोट्या नमुन्यात कौशल्याला डोकं वर काढायला जागाच कुठे मिळते? कौशल्य दिसायला मोसम लागतो. मित्रांची बिनपैशाची, मोसमभराची लीग हा मात्र डोकं लढवण्याचा खरा खेळ आहे, आणि तो वाढायला हवा.

गंमत अशी की ओक्रेंटच्या टेबलावरचा तो लिलाव आता गावोगावी पोचलाय. भाताची खाचरं मोकळी झाली की टेनिस बॉलच्या प्रीमियर लीग भरतात. संघमालक ठरतात, आयकॉन खेळाडू ठरतात, पॉइंटांवर बोली लागते, दोन गट पडतात. मग आठ संघ, चारचा एक गट, प्रत्येकाचे तीन सामने. तुल्यबळ संघांत तीनच्या तीन सामने जिंकण्याची शक्यता आठात एक. म्हणजे आठ संघांत सरासरी एक जण निव्वळ योगायोगाने अजिंक्य राहील आणि एक जण तिन्ही हरेल. त्या हरलेल्या पोरांना मालकाने बोल लावू नयेत, असं मला कळकळीने सांगायचंय.

आयोजकांनाही काही सुचवतो. सहा संघ असतील तर गट पाडू नका. एकच साखळी केली तर पंधरा सामने होतात, प्रत्येकाला पाच मिळतात, आणि सहा-सहा षटकांचे सामने शनिवार-रविवारात बसतात. मंडपातल्या फळ्यावर गुणांशेजारी उरलेल्या प्रतिस्पर्ध्यांची नावं लिहा. बाहेर पडलेला संघ शेवटच्या सामन्याला मैदानावर येत नाही आणि पुढे चाल मिळालेल्याला फुकटचे गुण जातात, यावरून दरवर्षी भांडणं होतात. म्हणून तळाच्या संघाचा सामना शेवटी ठेवू नका. बरोबरी झाली तर आधी आपसातला सामना पाहायचा की धावगती, आणि पुढे चाल मिळालेल्या सामन्यात धावगतीसाठी काय धरायचं, हे लिलावाच्या दिवशीच कागदावर लिहून सगळ्या मालकांच्या सह्या घ्या.